विहिरीपर्यंत न पोहोचलेले जलशिक्षण

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेतल्या मुलांना पाण्याबद्दल विचारले, तर ती घडाघडा सांगतात : पाणी गाळून, उकळून प्यावे, हंडा झाकून ठेवावा, ओगराळ्याने पाणी घ्यावे, नळ उघडा टाकू नये. गेल्या पंचवीस वर्षांतल्या सरकारी मोहिमांनी ही चार वाक्ये खेड्यापाड्यांत नेली. साथीच्या दिवसांत ती जीव वाचवतात, त्यामुळे त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र चारही वाक्ये नळाच्या अलीकडची आहेत. नळाच्या पलीकडे टाकी असते, टाकीच्या पलीकडे विहीर, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला उसाचा फड, ओढा, गोठा, शोषखड्डा किंवा कारखान्याची भिंत. पाणी बिघडते किंवा आटते ते तिथे, आणि तिथल्या माणसांना कुणी विद्यार्थी मानलेले नाही.

बारामती आणि इंदापूर हे तालुके या प्रश्नासाठी नमुना म्हणून घेण्यासारखे आहेत. पाण्याच्या स्रोताला जितके धोके असू शकतात, ते बहुतेक इथे एकत्र सापडतात : जवळपास दीडशे वर्षांची कालव्याची शेती, साखर कारखाने, औद्योगिक वसाहत, वाढते शहर, कोरडवाहू पट्टा आणि पुण्याचे सांडपाणी पोटात घेणारे धरण. इथे संस्थाही भरपूर आहेत आणि मोहिमाही बहुतेक सगळ्या येऊन गेल्या. त्या मोहिमांनी काय शिकवले, कुणाला शिकवले आणि काय राहून गेले, याचा हा आढावा.

चार तऱ्हांचे पाणी

बारामतीच्या दक्षिण अंगाने नीरा वाहते आणि तालुक्यामधून कऱ्हा. सासवडकडून येणारी कऱ्हा नाझरे धरण, मोरगाव, बारामती असा प्रवास करून सोनगावला नीरेला मिळते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. इंदापूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला भीमा म्हणजे खरे तर उजनी धरणाचा फुगवटा. पाऊस जेमतेम ५०० ते ५५० मिलिमीटर. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आला आणि तालुक्याचे बागायत आणि जिरायत असे दोन भाग झाले. इंदापूरच्या काही भागाला खडकवासल्याच्या कालव्याचे टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे, पाणी मिळते. टेलला ते किती आणि कधी पोहोचते, हा दर उन्हाळ्याचा वाद.

पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने या मुलखाचे चार भाग पडतात. बारामती शहर कालव्याच्या आवर्तनावर साठवण तलाव भरून घेते. तिथला धोका म्हणजे आवर्तन लांबणे आणि कालव्यात वाटेत जे जे मिसळते ते. बागायती गावांच्या विहिरी कालव्याच्या आणि पाटाच्या पाझरावर भरतात. तिथे पाणी बारमाही असते, पण शेतातले क्षार आणि खत घेऊन येते. सुपे-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात पाणीच कमी, आणि गावची विहीर शेजारच्या नव्या बोअरने आटते. उजनीकाठच्या गावांच्या जॅकवेलमध्ये मात्र जे पाणी येते, त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा वाटा असतो. एका गावाला आटण्याची भीती, दुसऱ्याला क्षाराची, तिसऱ्याला मैल्याची. सगळ्यांना वाटले जाणारे पत्रक मात्र एकच.

जमिनीखालची रचनाही समजून घेतली पाहिजे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखे नसते. वरचा मुरूम आणि खडकातल्या सांधी-भेगा, एवढीच त्याची जागा. म्हणूनच एका बोअरला पाणी लागते आणि पन्नास पावलांवरच्या दुसऱ्यातून नुसती धूळ उडते. याच कारणाने वर सांडलेले काहीही भेगांमधून लवकर खाली जाते आणि कुठे निघेल ते वरून सांगता येत नाही. हा खडक गावाला समजावून सांगणे, हे खरे तर स्रोतरक्षणाचे पहिले शिक्षण. ते बहुतेक मोहिमांत शेवटी आले किंवा आलेच नाही.

मोहिमांची साखळी

सुरुवातीचे काम पाणी अडवण्याचे होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बारामतीच्या कोरडवाहू भागात कामाच्या बदल्यात धान्य या पद्धतीने पाझर तलाव झाले. १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि अप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने शेती आणि पाण्याचे प्रयोग शारदानगरला एकवटले. शेजारच्या पुरंदरमध्ये १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मालकीवर न वाटता घरातल्या माणसांवर वाटायचे, आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही, असे तिचे नियम. साळुंखे यांनी पाण्याचे धडे भाषणातून दिले नाहीत. ते नियमात घालून दिले.

२००० साली ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावांत स्पर्धा लागली, रस्ते झाडले गेले, हागणदारी हटू लागली, पुढे निर्मलग्राम पुरस्कार आले. याच परिसरातल्या काटेवाडीचे नाव स्वच्छ गाव म्हणून राज्यभर घेतले जाऊ लागले. उघड्यावरचा मैला हटला, की ओढ्याकाठची विहीर सुरक्षित होते, म्हणजे हे अप्रत्यक्ष स्रोतरक्षणच. पण एक गाठ त्यात बसली. शौचालये बांधताना शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किती अंतरावर हवा, जमिनीचा उतार कुठे आहे, खडक किती वर आहे, याचा विचार प्रत्येक ठिकाणी झाला असे नाही. मुरमाड जमिनीत चुकीच्या जागी घेतलेला खड्डा ओढ्याकाठची घाण जमिनीखाली नेतो, एवढेच.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जलस्वराज्य आले, आणि पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या जिल्ह्यांत जर्मन अर्थसाहाय्याचा ‘आपलं पाणी’ प्रकल्प. त्यांनी योजना गावाच्या हातात दिली, लोकवर्गणी घेतली, महिलांची ग्रामसभा आधी घ्यायची पद्धत पाडली. पाणीपुरवठा समितीत अर्ध्या जागा महिलांच्या, ही आज नेहमीची वाटणारी गोष्ट त्या काळात रुजली.

राज्याच्या स्वतःच्या यंत्रणेतला सर्वांत साधा आणि बहुधा सर्वांत कमी चर्चिलेला कार्यक्रम म्हणजे रंगीत कार्डांचा. आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सार्वजनिक पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करतो. विहिरीला कठडा आहे का, भोवती सांडपाणी साचते का, जलवाहिनी गळते का, जंतुनाशक टीसीएल पावडर शिल्लक आहे का, ती रोज टाकली जाते का, यावर जोखीम ठरते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे राहिले आणि साथ आली नाही, तर चंदेरी. गावाचे हे प्रगतिपुस्तकच. या कार्यक्रमाचे बळ असे, की तो एकट्या गृहिणीला उत्तरदायी धरत नाही, ग्रामपंचायतीला धरतो. त्याची मर्यादा अशी, की तो विहिरीच्या कठड्याभोवती फिरून परत येतो. तीन शेते पलीकडचा युरिया आणि दोन किलोमीटरवरचे कारखान्याचे सांडपाणी त्याच्या तक्त्यात बसत नाही.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. दरडोई रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचे, हे त्याचे उद्दिष्ट. त्यातली शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवायचे. पीएच, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, उर्वरित क्लोरिन, असे बरेच काही त्या पेटीत तपासता येते. जोडीला जंतुदोष ओळखणारी बाटली; पाणी दूषित असले की ती काळी पडते. प्रयोगशाळाही सर्वसामान्यांना अल्प दरात खुल्या करण्याचे धोरण ठरले. पाण्याची परीक्षा सरकारी प्रयोगशाळेच्या बंद दारातून अंगणवाडीच्या ओसरीवर आली, हा या साऱ्या इतिहासातला मोठा बदल.

आणि २५ डिसेंबर २०१९ ला अटल भूजल योजना. देशातल्या सात राज्यांतल्या पाणीटंचाईच्या भागांसाठी असलेल्या या योजनेत पुणे जिल्ह्यातले बारामती, इंदापूर आणि पुरंदर हे तालुके आले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेमार्फत गावाने स्वतः पाण्याचा ताळेबंद मांडायचा : पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिकांनी किती घेतला, माणसा-जनावरांना किती लागतो. त्यावरून जलसुरक्षा आराखडा करायचा. निधी नुसता खर्च केल्यावर मिळत नसे. भूजलाची माहिती जाहीर केली का, आराखडा लोकांनी केला का, पातळीची घसरण थांबली का, अशा निकषांशी तो बांधलेला. बांधकामाच्या मोजमापावर चालणाऱ्या आपल्या पद्धतीत ही नवी रीत. राज्याचे माझी वसुंधरा अभियानही २०२० पासून पंचमहाभूतांत जलतत्त्वाला गुण देते.

शिकले कोण?

या यादीकडे एकत्र पाहिले, की एक गोष्ट नजरेत भरते. धडे घेणाऱ्यांत महिला आहेत, शाळकरी मुले आहेत, आशा ताई, अंगणवाडी ताई, जलसुरक्षक आहेत. यांपैकी जवळजवळ कुणाच्याही हातात विहिरीवरचा उतार नाही. शेतात किती पोती खत पडेल हे ठरवणारा, नवी बोअर घेणारा, मळी किंवा सांडपाण्याचा टँकर कुठे रिकामा करायचा हे सांगणारा, गावठाणात प्लॉट पाडून विकणारा आणि शहराचा मैला नदीत सोडणारा, हे सगळे या वर्गाबाहेर आहेत. ज्यांना पाणी राखायला शिकवले, त्यांना स्रोतावर अधिकार नाही. आणि ज्यांचा अधिकार आहे, त्यांना शिकवलेले नाही.

त्याचा परिणाम काय झाला, ते गावोगावच्या आरओ प्लांटवर दिसते. पाच-दहा रुपयांचे नाणे टाकून वीस लिटर पाणी घ्यायचे, किंवा जार घरपोच मागवायचा. पाणी खारट, जड आहे हे लोकांना कळले, म्हणजे जागृती झाली. पण तिचा शेवट बाजारात झाला. जार परवडणारे घर विहिरीविषयी बोलणे सोडते. ग्रामसभेत पाण्यावर भांडणारा आवाज तेवढा कमी होतो, आणि विहिरीचे पाणी उरते ते जार न परवडणाऱ्यांना. वर आरओतून निघणारे अतिखारट पाणी गटारात जाते ते वेगळेच.

जारचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी, या समजालाही धक्का बसला आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. नव्याने शहरात आलेल्या त्या भागाला पाणी देणारी विहीर चर्चेत आली आणि महापालिकेला खासगी आरओ प्रकल्पांवरही कारवाई करावी लागली. क्लोरिनची मात्रा, विहिरीभोवतीची वस्ती, सांडपाण्याच्या वाहिन्या हे सगळे त्यानंतर तपासले गेले. शहराच्या कडेला असलेल्या गावाची जुनी विहीर वस्ती वाढल्यावर किती उघडी पडते, याचा हा धडा बारामतीच्या हद्दवाढीतल्या भागांनाही लागू आहे.

उसाच्या फडातून विहिरीत

नीरेच्या खोऱ्यात पाण्याने जमीन बिघडण्याची गोष्ट नवी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. कालवा येऊन पंचवीस-तीस वर्षे होत नाहीत तोच जमिनी चिबड होऊ लागल्या होत्या. जास्तीचे पाणी खाली साठते, पातळी वर येते, क्षार वर येतात. शेतकरी हे जमिनीच्या अंगाने ओळखतो : पांढरी फुटली, ऊस पिवळा पडला. पण त्याच शेताखालचे पाणी गावच्या विहिरीत येते, ही दुसरी बाजू क्वचित मांडली जाते.

नायट्रेटची गोष्ट याहून अवघड आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सूट नाही. ही मर्यादा मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी महत्त्वाची. जास्त नायट्रेटने त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात देशातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर. आता आपल्या चार वाक्यांकडे परत पाहा. गाळल्याने नायट्रेट जात नाही, टीसीएलने जात नाही, आणि उकळल्याने तर पाणी आटून ते अधिक दाट होते. म्हणजे बागायती पट्ट्यात आपण मनापासून शिकवलेला धडा या एका बाबतीत निरुपयोगी, किंबहुना उलटा आहे.

इथे शिकवायचे कुणाला, हे उघड आहे : खत टाकणाऱ्याला. आणि ती सोय बारामतीत आहे. शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र, दरवर्षी जानेवारीत भरणारे कृषिक प्रदर्शन, माळेगाव खुर्दला २००९ पासून असलेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, आणि माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती अशा कारखान्यांचे शेतकी विभाग. माती परीक्षण, ठिबकमधून खत, हप्त्याहप्त्याने नत्र, हे सगळे इथे शिकवले जातेच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊस पिकवण्याचा अलीकडचा प्रयोगही पाणी आणि खत वाचवण्याच्याच भाषेत बोलतो. फक्त हा हिशेब एकरी टनेज आणि खर्चाचा असतो. वाया गेलेले नत्र गावच्या विहिरीत जाते, ही ओळ त्या व्याख्यानात घालायला जादा पैसा लागत नाही. कारखान्याच्या गटकार्यालयातला स्लिप बॉय शेतकऱ्याला जितक्या वेळा भेटतो, तितक्या वेळा कुठलाही जलदूत भेटत नाही.

एमआयडीसी : सुटलेला वर्ग

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तीनचाकी वाहने, दूध प्रक्रिया, चॉकलेट, पोलादी सुटे भाग आणि कापड असे नाना उद्योग आहेत. शेजारच्या दौंड तालुक्यातली कुरकुंभ रसायनांची वसाहत. तिथे विहिरी आणि बोअरचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. बारामतीच्या वसाहतीचे स्वरूप कुरकुंभसारखे नाही. म्हणूनच जे शिकायचे ते आधी शिकण्याची संधी इथे आहे.

कारखान्याच्या बाबतीत जनशिक्षण म्हणजे माहितीचा हक्क. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते आणि त्या संमतीपत्रात किती सांडपाणी, कशा दर्जाचे, कुठे सोडायचे हे लिहिलेले असते. घातक रसायने आणि कचरा हाताळणाऱ्या उद्योगांनी त्याची माहिती दारावरच्या फलकावर लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले. फलक दिसतात. पण वाचणाऱ्याला बीओडी, सीओडी म्हणजे काय, कोणता आकडा बरा आणि कोणता वाईट, हे कुणी सांगितलेले नसते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी घ्यावी लागते आणि त्यासाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. मात्र मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. म्हणजे वसाहतीशेजारच्या गावाला कारखान्याविषयी विचारण्याचा जो एक औपचारिक प्रसंग, तोच अनेकदा येत नाही.

आणखी एक माणूस या सगळ्यांतून निसटतो : भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार. कटफळ, वंजारवाडी, रुई, जळोची, तांदूळवाडी या बाजूला मराठवाडा-विदर्भापासून बिहार-उत्तर प्रदेशापर्यंतची माणसे राहतात. त्यांचे नाव इथल्या मतदार यादीत नसते, मुले गावी असतात, शिफ्टमुळे ग्रामसभा गाठता येत नाही. खोलीमालक बोअरचे पाणी देतो आणि मागच्या बाजूला शौचालयाचा खड्डा असतो. पाण्याचा धोका सर्वांत जास्त ज्याला, तो कुठल्याच मोहिमेच्या लाभार्थी यादीत नाही. त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता शाळेतून किंवा चावडीवरून जात नाही. तो कारखान्याच्या गेटवरून, ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकातून आणि खोलीमालकाच्या घरपट्टीतून जातो. वसाहतीच्याच भागात २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे येणारे जुलाब-काविळीचे रुग्ण कोणत्या वाडीतून, कोणत्या पाण्यावरून येतात, याचा नकाशा करून तो ग्रामपंचायतीला आणि नगरपरिषदेला दिला, तर तेवढ्यानेच अर्धे शिक्षण होईल.

वरच्या शहराचे काय?

उजनीकाठच्या इंदापूरकराला स्रोतरक्षण शिकवणे हा थोडा अन्यायच आहे. ११७ टीएमसीच्या त्या धरणात मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांचे पाणी भीमेतून येते आणि त्या नद्यांच्या काठी दोन महानगरपालिका आहेत. पुण्यासाठी जपानी अर्थसाहाय्याच्या प्रकल्पात ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे ठरली. त्याचा करार जानेवारी २०१६ चा. केंद्रांच्या कामात किती वर्षे गेली, हे पुणेकर जाणतात. तोपर्यंत जलपर्णी उजनीत आली. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्याच्याही खाली, उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली, तेव्हा उरलेल्या पाण्यात घाण अधिकच दाट झाली. याच पाण्यावर इंदापूर आणि खालचे सोलापूर तहान भागवतात.

भिगवण-कुंभारगावचे मच्छीमार आणि नावाडी हिवाळ्यात रोहित दाखवायला पर्यटकांना पाण्यावर नेतात. पाण्याचा रंग कधी बदलतो, कोणते मासे कमी झाले, हे त्यांना कुठल्याही नोंदवहीपेक्षा आधी कळते. त्यांचे म्हणणे पुण्याच्या महापालिकेपर्यंत नेणारी वाट नाही. पुण्यातल्या सोसायट्यांत पाणी वाचवा असे फलक असतात. आपण फ्लश केलेले पाणी कुणाच्या जॅकवेलमध्ये जाते, असा फलक एकही नसतो. उजनीचे रक्षण करणारा शैक्षणिक कार्यक्रम घ्यायचा असेल, तर तो इंदापूरला नको, पुण्याला हवा.

इतरत्र काय जमले

ज्या ठिकाणी स्रोत खरोखर राखले गेले, तिथे शिक्षणाला दोन गोष्टी जोडलेल्या दिसतात : आपल्याच पाण्याचा आकडा आणि त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. सिंचनासाठी बोअर तिथे बंद आहेत. साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यात रणदुल्लाबादच्या शेतकऱ्यांनी पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम संस्थेच्या मदतीने आपल्या गावाखालचा खडक समजून घेतला, विहिरींच्या पातळ्या मोजल्या आणि बोअर न घेण्याचे ठरवले.

बांगलादेशात लक्षावधी कूपनलिकांमध्ये आर्सेनिक निघाले, तेव्हा तपासून सुरक्षित नळी हिरवी आणि असुरक्षित लाल रंगवली गेली. आराईहजार भागातल्या अभ्यासात, आपली नळी असुरक्षित असल्याचे कळलेल्या लोकांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी वर्षभरात दुसरीकडचे पाणी धरले. सर्वसाधारण उपदेशाने जे झाले नसते, ते तुमच्या नळीचा आकडा हा, एवढ्याने झाले. जर्मनीत म्युनिक शहराने वेगळा मार्ग धरला. शहराला पाणी देणाऱ्या मांगफाल खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना १९९२ पासून सेंद्रिय शेतीसाठी सल्ला आणि हेक्टरी पैसे दिले. पाणी पिणाऱ्याने वरच्या शेतकऱ्याचा खर्च उचलला. आपल्याकडे कारखाने, नगरपरिषद आणि एमआयडीसी मिळून एखाद्या उद्भव विहिरीवरच्या पन्नास एकरांसाठी हे करून पाहू शकतात.

कायद्याचे बळही आहे. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली. २००९ चा व्यापक भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. पण पाचशे मीटरची ही हद्द गावात कुठून कुठवर जाते, हे किती जणांना माहीत आहे? ती जमिनीवर कुठे आखलेली नसते. बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी काम झालेले असते. ज्या गावकऱ्याला हद्दच दिसत नाही, तो ती मोडणाऱ्याला अडवणार कसा?

पुढच्या कार्यक्रमाची कसोटी

जल जीवन मिशनच्या निधीत सहाय्यक उपक्रमांसाठी पाच टक्क्यांपर्यंत आणि पाण्याच्या गुणवत्तेसाठी दोन टक्क्यांपर्यंत वाटा ठेवलेला आहे. पैसा अगदीच नाही असे नाही. प्रश्न तो कुठे जातो याचा आहे. भिंतीवरच्या घोषवाक्यांत, टोप्यांत, दिंडीत आणि एका दिवसाच्या प्रशिक्षणाच्या जेवणावळीत तो संपला, तर शिक्षण झाले असे कागदावर दिसते. बारामती-इंदापुरात काही बदल मात्र आजच करता येण्यासारखे आहेत.

पहिला बदल फलकाचा. प्रत्येक उद्भव विहिरीपाशी आणि ग्रामपंचायतीच्या दारावर त्या विहिरीचे शेवटचे नायट्रेट, क्षार, जंतुदोष आणि पाण्याची पातळी तारखेसह लिहिली जावी. मर्यादा काय, हेही शेजारी. किट घेऊन तपासणी करणाऱ्या पाच महिलांची नोंद मोबाइलवरून पोर्टलवर जाते. ती वर जाण्याआधी किंवा निदान त्याच दिवशी गावाच्या फळ्यावर यावी. दुसरा बदल हद्दीचा. पाचशे मीटरचे वर्तुळ दगड रोवून दाखवावे आणि त्यातली शेते, गोठे, खड्डे, बोअर यांची यादी ग्रामसभेत वाचावी. त्या यादीतले शेतकरी हेच पहिले विद्यार्थी. त्यांचे माती परीक्षण कारखान्याने आणि कृषी विज्ञान केंद्राने आधी करावे.

तिसरा बदल वसाहतीतला. कारखान्याच्या फलकावरचे आकडे समजावून सांगणारा वर्ग शेजारच्या गावांत दरवर्षी एकदा व्हावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी, कारखान्याचा पर्यावरण अधिकारी आणि गावची पाणीपुरवठा समिती एका खोलीत बसावी. खोल्या भाड्याने देणाऱ्यांना बोअर आणि शोषखड्ड्याचे अंतर पाळल्याशिवाय परवानगी नको. चौथा बदल शाळेचा. नववी-दहावीच्या भूगोलात गावच्या विहिरीची पातळी दर महिन्याला मोजणे हे प्रात्यक्षिक असावे. दोर, वजन आणि वही एवढेच लागते. दहा वर्षांनी त्या शाळेकडे असेल तेवढी नोंद दुसऱ्या कुणाकडे नसेल.

यापुढे येणाऱ्या प्रत्येक मोहिमेला, नाव काहीही असो, किती सभा झाल्या आणि किती पत्रके वाटली हे विचारणे सोडून द्यावे. विचारायचे ते एवढेच : या वर्षी गावच्या विहिरीवरच्या उतारावर कुणी काही वेगळे केले का? एक पोते खत कमी पडले, एक खड्डा हलला, एक बोअर थांबली, एका कारखान्याला गावाने लेखी प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर आले, यांपैकी एखादी गोष्ट घडली असेल, तर शिक्षण झाले. नसेल, तर तो पैसा पुढच्या वर्षी टीसीएलवर खर्च केलेला बरा; त्याने निदान जंतू मरतात.